काम नसताना येलदरीला

प्रिय आत्याबाई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्यावर बायका ओसरीवर पान लावत बसल्या आणि तुमच्या आठवणी निघाल्या. तुमचे उपास किती कडक, तुमच्या हातचा ठेचा कसा झणझणीत, तुम्ही कुणाच्या दारी उगाच कधी गेला नाहीत. सगळं खरंच होतं. पण सायकलचं कुणी काढलं नाही! जणू ती दिवाळी घडलीच नव्हती. मी पानाला चुना लावत राहिले. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. हरकत नाही, लिहून झालं की मीच मोठ्यानं वाचीन.

मी सून होऊन बोरीत आले तेव्हा तुमचा किती धाक वाटायचा! पलीकडच्या वाडीवरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि तुमच्या मुलानं परभणीहून लेडीज सायकल आणली. रोज सकाळी मी निघाले की जात्याशेजारून नुसतं बघायचात. मला वाटायचं, आज ना उद्या बोलणी बसणार.

मग एका पहाटे तुम्ही मला उठवलंत. मामंजींची जुनी काळी सायकल तुम्ही स्वतः गोठ्यातून काढून, पुसून, खळ्यावर नेऊन उभी केली होती. मामंजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुम्ही म्हणालात, "मला शिकीव. अन् घरात बोलू नको."

पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगावर नऊवारी, समोर मधल्या दांड्याची पुरुषी सायकल. मला हसू आलं होतं, तुम्हाला ते दिसलंच, तुम्ही चांगलंच खेकसलात. पण खरं सांगू? काष्ट्याचं लुगडं त्या दांड्यावर माझ्या पाचवारीपेक्षा दसपट सोयीचं निघालं. कितीदा पडलात! कोपर सोललं तेव्हा हळद लावत घरात सांगितलंत, गायीनं ढकललं. बिचारी गाय.

कशासाठी शिकायचंय ते मात्र तुम्ही दिवाळी तोंडावर आल्यावर सांगितलंत.

तुमचं माहेर जिंतूरच्या पलीकडं, डोंगरातलं. तुमच्या भाचीच्या लग्नात मामंजींना मानाचा फेटा बांधायचा राहिला. चुकून राहिला की मुद्दाम, हे तेव्हा कुणाला कळलं नाही. ते भरल्या मांडवातून उठले आणि येताना बैलगाडीत तुम्हाला शपथ घातली, पुन्हा या गावाला जाणाऱ्या गाडीत पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. पुढं ते आजारानं गेले. मेलेलं तोंड बघून झालं, तरी तुम्ही शपथ सोडली नाहीत. दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचात आणि ताट उचलून आत न्यायचात. भाऊही हट्टी. तोही कधी आला नाही.

मी म्हणाले, आता कोण विचारतंय, एसटीनं जाऊ. तुम्ही म्हणालात, "एसटी गाडी हाय. बैलगाडी गाडी हाय. सायकल काय गाडी न्हाई."

या बोलण्यापुढं कोर्टातला वकीलसुद्धा हरला असता.

तुमच्या मुलाला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पंप घेतला आणि दोन्ही सायकलींत हवा भरू लागले. त्या क्षणी मला तुमचा मुलगा फार आवडला, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

जिंतूरपर्यंत सपाट रस्ता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ज्वारी गुडघाभर. शेतातली माणसं काम टाकून बांधावर येऊन बघायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं जायलीस गं माय?" तुम्ही पायडल न थांबवता म्हणालात, "माहेरी."

जिंतूर सोडलं आणि चढ लागला. आपण उतरलो, सायकली ढकलत निघालो. काय शांत होता तो डोंगर! सागाची पानं वाजायची, लांब कुठं गुरांच्या गळ्यातली घंटा, बास. उतारावर सीताफळाची रानं पिकून फुटली होती. तुम्ही दगडावर बसून सीताफळं खाल्लीत आणि बिया लांब थुंकायची माझ्याशी पैज लावलीत. घरात मोठ्यानं हसायचं नाही असा दंडक घालणारी माझी सासू! आणि मग तो पहिला मोठा उतार. मी ब्रेक दाबत, जीव मुठीत धरून खाली आले. तुम्ही मला मागं टाकून गेलात. पदर मागं सुटलेला, पाय पायडलवरून उचललेले. खाली पोचले तेव्हा तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं येतंय, असं तुम्ही म्हणालात.

आता एक बोल लावते, रागवू नका.

संध्याकाळचा मुक्काम सुशीलाबाईंकडं ठरला होता. आम्ही डीएडला एकत्र होतो, ती तिच्याच गावात शिक्षिका होती. ती बौद्ध. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं कशी दुभंगली होती ते तुम्ही बघितलंत. आपल्याच ओसरीवर काय काय बोललं जायचं, तेही तुम्ही ऐकलंत. सुशीलानं मला आधीच बजावलं होतं, सासूबाईंना विचारून मगच आण, उंबऱ्याबाहेर बसणारे पाहुणे मला नकोत. मी विचारलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, काम झालं.

आणि तुम्ही अंगणातच बसलात. आपली भाकरी सोडलीत, आपल्या बाटलीतलं पाणी प्यालात. सुशीलानं पुढं ठेवलेला तांब्या तसाच राहिला. का हो असं केलंत? दिवसभर सगळं मागं टाकून उतारावरून आलेली बाई त्या तांब्यापाशी कशी अडली? सुशीलानं तुम्हाला अंगणात बाज टाकून दिली, वर धुतलेली गोधडी दिली आणि आत निघून गेली. मी आत तिच्या शेजारी बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तुमचं गाव जवळ आलं तशा तुम्ही हळू झालात. वेशीपाशी उतरून लुगडं झटकलंत, कुंकू नीट लागलंय का मला विचारलंत. मग आठवलं, कुंकू आता नव्हतंच. किती वर्षांची सवय ती! तुम्ही माझ्याकडं न बघता पुढं चालू लागलात.

भाऊ दारातच बसले होते. पिकलेले, वाळलेले, पण नाक अगदी तुमचं. त्यांनी तुम्हाला बघितलं, सायकल बघितली. विचारलं, "कशानं आलीस?"

तुम्ही म्हणालात, "सायकलवर. गाडीत पाय ठेवला न्हाई."

ते उठले आणि आत गेले.

आपण उंबऱ्याबाहेर उभ्या. या म्हणायला कुणी बाहेर येईना. शेजारपाजारच्या बायका जमल्या, कुजबुजू लागल्या. तुमचे हात हँडलवर इतके घट्ट आवळले होते की बोटं पांढरी पडली. मी हळूच म्हणाले, परत जायचं का? तुम्ही ऐकलंच नाहीत. तुमची नजर त्या दारावरून हलत नव्हती. मी तुम्हाला पुष्कळ प्रसंगांत बघितलं, अगदी शेवटच्या दुखण्यातही. पण तिथं उभ्या होतात तशा एकट्या तुम्ही पुन्हा कधी दिसला नाहीत.

आणि मग भाऊ बाहेर आले. डोक्यावर टोपी होती, वाकडी, कोळ्याचं जाळं लागलेली. भाऊ दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, "टोपी घावंना गं. बोडख्यानं कसं ओवाळून घ्यावं?"

तुम्ही दोघं किती रडलात! तुमच्या भावजयीनं ताट आणलं, तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात, निरांजन मला धरावं लागलं. आणि मामंजींच्या नावानं घेऊन ठेवलेला तो फेटा भावानं पेटीतून काढून तुमच्या ओंजळीत ठेवला. म्हणजे चुकूनच राहिला होता! एवढं सांगायला कुणीतरी इतकी वर्षं चालत जरी आलं असतं तरी पोचलं असतं.

परत निघताना वाटेला फाटा लागला. तुम्ही थांबलात आणि विचारलंत, हा कुठं जातो. मी म्हणाले, येलदरीच्या धरणाकडं. तुम्ही सायकल तिकडं वळवलीत. मी विचारलं, तिकडं काय काम आहे?

तुम्ही म्हणालात, "काम न्हाई. जन्मात जिथं गेले तिथं कामानं गेले. आज बिनकामाचं जाऊ."

धरणाच्या कडेला आपण ऊन कलेपर्यंत बसलो. डोंगरांच्या मधे एवढं पाणी तुम्ही कधी बघितलं नव्हतं. ना नवस, ना नातं, ना बाजार. नुसतं बघायचं. तुम्ही पाय पसरून बसलात आणि बऱ्याच वेळानं म्हणालात, "उंबऱ्याबाहेर उभं ऱ्हायलं की लय वाईट वाटतंय गं." तुम्ही नुसत्या भावाच्या दाराबद्दल बोलत नव्हता, हे मला कळलं होतं.

मुक्कामाला पुन्हा सुशीलाकडं गेलो. तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत, पाय धुतलेत आणि सरळ आत चुलीपाशी जाऊन बसलात. म्हणालात, "बाई, काल माझं चुकलं. भाकरी वाढ."

सुशीलानं तुमच्याकडं नीट बघून घेतलं. तिला घाई नव्हती. मग म्हणाली, "वाढते. पण आमच्यात ज्याचं ताट त्यानं धुवायचं."

तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात आणि माझंसुद्धा ताट धुतलंत.

त्यानंतर दर दिवाळीला आपण कुठं ना कुठं गेलो, औंढा, चारठाणा, कधी नुसतंच रस्ता नेईल तिकडं. गावानं आधी नावं ठेवली, मग सोडून दिलं. गुडघे गेले तेव्हा तुम्ही सायकलबद्दल एक शब्द काढला नाहीत, पण मी शाळेतून आले की रस्ता कसा होता ते विचारायचात. कापूस वेचायला लागले का? नाल्याला पाणी आहे का? मी घाईत दोन शब्दांत सांगायचे. आज सांगायला बसले असते तर किती सांगितलं असतं!

तुम्हाला शेवटचं बघायला सुशीला आली होती. भाऊ आले, टोपी घालून आले. नामांतराचं भांडण अजून मिटलेलं नाही, आत्याबाई. आपल्या ओसरीवर अजूनही तेच बोलतात. मी मात्र आता उठून आत जात नाही. तिथंच बसून उत्तर देते.

आणि तुमची नात. नववीत आहे, तुमच्यासारखीच उतारावर ब्रेक न दाबणारी. मैत्रिणींबरोबर सायकलनं डोंगरात जायचंय म्हणते. उद्या पहाटे निघणार आहेत. तिच्या वडलांनी पंप काढलाय. मी मात्र नवी सून होते तेव्हा तुम्हाला भीत होते, आता आई झालेय तर सगळ्यालाच भिते.

तरी तुम्हाला शब्द देते. उद्या मी दारात उभी राहीन, तिचा पदर... आता पदर कुठला, तिची ओढणी घट्ट बांधून देईन, आणि कधी येशील हे विचारणार नाही. ती आली की बसवून घेईन आणि रस्ता कसा होता ते सगळं ऐकेन. अगदी शेवटपर्यंत.

तुमची सून,
शालिनी