माठाखालची बाटली

वर्धा, एप्रिल १९५६
शनिवार, संध्याकाळ

बाबा, तुम्हाला लिहायला इतकी वर्षं लावली, रागावू नका. तुम्ही गेलात त्या वर्षी दोन-तीनदा सुरुवात केली होती, पण दुःखाचं काय लिहायचं ते कळेना. आज मात्र आनंदाची गोष्ट आहे आणि सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. वास टिकला, बाबा! सकाळी आंघोळीनंतर कोलनचं सुगंधी पाणी लावलं, कॉलेजातले तास घेतले, भर उन्हात पायी परत आलो, तरी आत्ता दिवेलागणीलाही वास मनगटावर आहे. लिहिता लिहिता मी पुन्हा पुन्हा हुंगून बघतो आहे.

एवढं कशासाठी, ते सांगतो. आंजीच्या मुलींच्या शाळेत एक बाई शिकवतात. विधवा आहेत, म्हाताऱ्या आईसोबत राहतात. पेपर तपासायच्या कामात ओळख झाली, आणि त्यांच्याशी बोलून परतलो की घर फार मोठं, रिकामं वाटायचं. तुमची सून जाऊन सहा वर्षं झाली. हे तिच्यावर अन्याय करणं तर नव्हे, हे मी स्वतःला खूप विचारलं. अखेर गेल्या रविवारी त्यांना लग्नाचं विचारायला निघालो. नागपूरहून आणवलेली कोलनची बाटली मी ऐटीत खिडकीत मांडली होती, दिवसभर तिच्यावर ऊन. निघताना ती सदऱ्यावर ओतली. खादीच्या या गावात चाळिशी उलटलेल्या माणसानं वास लावून फिरायचं, हा शौक की धास्ती? उत्तर सापडेना, म्हणून आणखी थोडी ओतली.

मोटारीत कंडक्टर म्हणाला, "मास्तर, दवाखान्यातून येऊन राह्यले काय?" तेव्हाच उमजायला हवं होतं. आपल्याकडे कोलन माहीत ते तापाच्या पट्टीपुरतं. आंजीला उतरेपर्यंत सुगंध सगळा उडाला होता आणि उरला होता स्पिरिटचा उग्र दर्प. बाईंनी दार उघडलं आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. "अगं बाई! तुम्हाले ताप आहे, अन् एवढ्या उन्हात काऊन आले?" काऊन आलो, तेच तर सांगायचं होतं. पण त्यांनी मला खाटेवर बसवलं, माठातल्या पाण्यात रुमाल बुडवून पिळला आणि स्वतःच्या हातानं कपाळावर ठेवला. चिंचा निवडत बसलेली त्यांची आई म्हणाली, "एवढे शिकले, अन् डोक्याले दुपट्टा नाई!" मी खरोखरच ताप असल्यासारखा पडून राहिलो. विचारायचं राहूनच गेलं. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येजा. पण बरे होऊन येजा."

तो गार रुमाल कपाळावर असतानाच आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुमची कचेरीत जायची वेळ झाली आहे. तुम्ही माठाखालची ओली वाळू बोटांनी उकरता आणि काळ्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढता. चुलीपुढून आई म्हणते, "देवाले नाई एवढा थंडावा, या बाटलीले!" तुम्ही म्हणता, "देव उडून नाई जात. हे उडून जाते." अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत कानामागे आणि मनगटाला तिळाच्या तेलाचं बोट, त्यावर कोलनचा एक थेंब, की लगेच बूच घट्ट. मी एकदा हौसेनं मनगटावर मनगट घासलं, तर तुम्ही ओरडलात, "घासून काऊन राह्यला बे? तंबाखू हाये का थो?" मी म्हणालो, मग सदऱ्याला लावतो. तुम्ही आईकडे न बघता म्हणालात, "कपड्याले लावलं त गावाले वास येते. अंगाले लावलं त जवळच्याले." आईनं भाकरी जरा जोरातच थापली होती. तेव्हा मला त्यात काही कळलं नव्हतं.

ती नासलेली बाटली टाकून दिली. सोमवारी स्टेशनजवळच्या दुकानातून नवी आणली आणि थेट माठाखाली पुरली. आजची रंगीत तालीम तुमच्या रीतीनं केली: तेल, थेंब, घासणं नाही, सदरा कोरा. कॉलेजात एकानंही तब्येत विचारली नाही! घरी येऊन मनगट नाकाशी नेलं आणि तुम्ही काळा कोट घालून दारात उभे होतात, बाबा, इतके जवळ की मी सरकून बसलो. या लग्नाला तुम्ही हो म्हणाला असता का, ते ठाऊक नाही. बहुधा एवढंच विचारलं असतं, की घासलं तर नाही?

हे पत्र कुठे टाकणार? या वहीतच राहील. पण पान उलटण्याआधी एक सांगून टाकतो. त्या दिवशी कपाळावरचा रुमाल कोमट झाला तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "उतरला का?" मी म्हणालो, नाही. त्यांनी तो पुन्हा भिजवला.

उद्याचं काम: लग्नाचं विचारण्याआधी, ताप नव्हता हे त्यांना सांगणे.