कोपरा ताणून बघायचा

प्रिय ठिणगी,

लिफाफ्यावर आईचं अक्षर नाही म्हणून घाबरू नकोस. ती ठणठणीत आहे. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलीय आणि दर दहा मिनिटांनी विचारतेय, पत्र चाललंय की जाहीरनामा. गुडघा बरा झालाय. जिना एका दमात चढते आणि वर पोचल्यावर माझी वाट बघत उभी राहते, तेही मला नीट दिसेल अशी. तुझ्या खोलीतल्या खिडकीची खिट्टी मी अखेर बसवली. तीन वर्षं ती वाऱ्यावर आपटत होती, तू गेलीस तेव्हापासून.

आता बातमी. मी कामाला लागलोय. पगार नाही, पण उशीर झाला तर बोलणी खावी लागतात, तेव्हा नोकरीच म्हणायची. ज्या जुन्या दगडखाणीत शहराचा कचरा ओततात आणि जिच्याविरुद्ध मी बारा वर्षं घसा फोडला, तिच्या तोंडाशी आता वर्गीकरण केंद्र झालंय. पत्र्याची मोठी शेड, मध्ये सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना बायका. पूर्वी याच बायका खाणीच्या धुरात वाकून वेचायच्या. आता ताठ उभ्या राहून वेचतात, हातात मोजे, पायात बूट, डोक्यावर पंखा. उद्घाटनाला मी चाळीस मिनिटं बोललो. भाषण संपल्यावर तिथली मुकादमीण माझ्यापाशी आली. बुटकी, करड्या केसांची बाई, लहानपणापासून त्या खाणीत कचरा वेचत आलेली. म्हणाली, "काका, बारा वर्षं आमच्यावर बोललात. आता एक तास आमच्याशेजारी उभे राहा." मी तासाभरासाठी गेलो. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्या दिवशी माझी जी शोभा झाली ती तुला बघायला मिळायला हवी होती. माती, पाणी, हवा यांवरचं जे जे पुस्तक माझ्याकडे बांधणीला आलं ते मी वाचूनच परत केलं, हे तुला ठाऊक आहे. पण समोरून पट्टा सरकायला लागला आणि मला दोन पिशव्यांतला फरक कळेना. मी एक टाकायचो, मुकादमीण ती काढून दुसरीकडे टाकायची, आणि सगळी रांग खिदळायची. शेवटी मला चपला-बुटांवर बसवलं. बूट ओळखायला भाषणबाज माणूसही चालतो, असं तिचं मत. दोन आठवडे मी बूट ओळखले.

मग तिनं मला खरी परीक्षा शिकवली. कोपरा चिमटीत धरायचा आणि ताणायचा. एकाच जातीचं प्लास्टिक असेल तर ते ताणलं जातं, पांढुरकं पडतं, पण लगेच तुटत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे, वितळवून त्याच्या बादल्या होतात. चकचकीत पाकिटं मात्र टर्रकन फाटतात, आणि कडेला बघितलं तर थर दिसतात. प्लास्टिक, धातूचा पापुद्रा, पुन्हा प्लास्टिक, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. मी पुस्तकबांधणीवाला. चाळीस वर्षं खळीत हात घातलेत. काय सुटतं आणि काय जन्मात सुटत नाही ते माझ्या बोटांना कळतं. ही पाकिटं कुणी घेत नाही. ती सगळी परत खाणीत जातात, वारा ती नाल्यात नेतो, नाला तुंबतो, मग कुणीतरी काडी लावतं. तो धूर कुणाच्या घरात शिरतो? ज्यांनी त्या पाकिटातलं काही खाल्लेलंही नाही, त्यांच्या. मुकादमिणीची नात बारा महिने खिडकी बंद करून झोपते. तुमची चैन पाच मिनिटांची आणि त्या पोरीचा खोकला वर्षभराचा, हा कुठला हिशोब? बघ, लागलो बोलायला. आई खाकरली.

तर त्या सभेबद्दल. तू पाकिटांच्या कारखान्यात लागून महिना झाला होता. मी व्यासपीठावरून म्हणालो, की परक्यांना कशाला नावं ठेवायची, आपल्याच घरातली शिकलीसवरलेली पोरं हे विष चिकटवायला जातात. तुझं नाव घेतलं नाही, एवढीच माझी सभ्यता. तीनशे माणसांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या आणि टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. मग प्रश्नांच्या वेळी तू हात वर केलास आणि मी माईक दुसऱ्याकडे पाठवला. घरी आल्यावर तुला सांगितलं, दिव्यांचा झोत डोळ्यांवर होता, तू दिसलीच नाहीस. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि पुढच्या आठवड्यात कारखान्याजवळ खोली घेतलीस. तेव्हापासून माझ्या वाट्याला फोनवरचं "बाबांना सांग" एवढंच येतं, तेही आईनं फोन स्पीकरवर ठेवला तर.

गेल्या मंगळवारी मुकादमिणीनं पट्टा थांबवला. ती पट्टा सहसा थांबवत नाही. कुणाचा हात अडकला किंवा कचऱ्यातून काही जिवंत आलं, तरच. मी धावत गेलो. तिच्या हातात धुण्याच्या पावडरचं रिकामं पाकीट होतं, इतरांसारखंच चकचकीत. मी सवयीनं ते खाणीच्या पोत्यात टाकायला घेतलं, तर तिनं माझं मनगट धरलं आणि कोपरा ताणला. तो ताणला गेला. फाटला नाही. तिनं दुसरा कोपरा ताणला. मग ते पाकीट रांगेतून हातोहात फिरलं, प्रत्येकीनं ताणून बघितलं. एकीनं वास घेतला. टोकाची म्हणाली, कुणीतरी शहाणं माणूस जन्माला आलं म्हणायचं. मुकादमीण म्हणाली, "शहाणपण नाही गं. ज्यानं हे केलंय, त्याच्या घरी कुणीतरी पिशव्या धुतल्यात."

मी पाकीट उलटं केलं, कारण छापलेलं दिसलं की मी वाचतो. तळाला बारीक अक्षरांत तुझ्या कारखान्याचं नाव होतं. त्याच्यावर तीन ओळी. धुवा. उलटं टांगून निथळू द्या. मग सपाट करा.

मोरीवरची तार आठवली. तारेला चिमट्यांनी लावलेल्या दुधाच्या पिशव्या, स्टुलावर उभी असलेली तू, आणि आईचं ते रोजचं, आधी उलटी टांग, निथळू दे, मग सपाट कर. आणि मी कुठे होतो? शेजारच्या खोलीत, कचऱ्यावरच्या भाषणाची टिपणं काढत. चाळीस वर्षांच्या संसारात मी एक पिशवी धुतलेली नाही, हे मी कुठल्याही सभेत सांगितलेलं नाही. पाकीट घरी आणून आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाली, "टाळ्या तुम्हाला आणि पिशव्या मला. पोरगी कुणावर गेलीय ते बघा आता." मग दातात दोरा धरून हसली आणि हसता हसता डोळे पुसले. तू तिलासुद्धा काही बोलली नव्हतीस. किती वेळा तुला तिथे नाही म्हणाले असतील, किती वेळा तू पुन्हा उभी राहिली असशील, याचा विचार करत मी दोन दिवस काढले. आणि खरं सांगू, असे सुखाचे दोन दिवस मी बऱ्याच वर्षांत काढले नव्हते.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात सभा आहे. मी भाषण तयार केलं होतं, चांगलं जळजळीत. टाचणी काढून ते केंद्रातल्या कागदाच्या गठ्ठ्यात टाकलं, पांढऱ्याच्या. त्या दिवशी बोलेल ती मुकादमीण. तिला पाकीट करणाऱ्या माणसाला बघायचंय. माझी दोनच मिनिटं आहेत, आणि त्यांत जे सांगणार आहे ते तुला आधी कळायला हवं, म्हणून हे पत्र. दिव्यांचा झोत माझ्या डोळ्यांवर नव्हता. तुझा हात मला स्वच्छ दिसला होता, मनगटावर आईचं जुनं घड्याळ होतं. तू काय विचारशील त्याची मला भीती वाटली, म्हणून मी माईक दुसरीकडे पाठवला. तुझा प्रश्न अजून तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी सांगून ठेवल्यात, एक तुझी आणि एक माझी. ते पाकीट सोबत पाठवतोय. मी धुतलं, मी टांगलं, मी सपाट केलं. आई म्हणते, कोपऱ्यात अजून पावडर राहिलीय.

तुझाच, यंदा श्रोत्यांत बसणारा,
बाबा