रस म्हणजे कोणता?

पनवेल, १९ मे १९९४

तीर्थस्वरूप कमळाकरदादांस चारुदत्तचा साष्टांग नमस्कार. आपला खोकला, वहिनींचे गुडघे आणि ती. आईंची कंबर यांची खुशाली वेगवेगळी कळवावी. मागच्या पत्रात 'सर्व ठीक' असं एकत्र लिहिलंत, त्यावरून काही उमगेना. (आई आता काठीशिवाय देवळात जातात एवढं कळलं. आनंद झाला. त्यांच्या सेवेसाठी चिपळूणला आलेली तुमची बहीण आता कोणाची सेवा करते, हे मी विचारत नाही.)

माझ्या आतड्याची जुनी सूज तुम्हाला ठाऊकच आहे. तिने पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण माणूस, वाचन दांडगं. म्हणाले, "काका, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण काही फळांच्या रंगातच अशी द्रव्यं असतात, त्यांनी सूज उतरायला मदत होते असं संशोधकांना वाटतंय. अजून पक्कं नाही." आणि पुढे कुठल्याशा फळाचा रस घेऊन बघा म्हणाले. नेमका तेव्हाच कळंबोलीला निघालेला सळयांचा ट्रक खिडकीखालून हॉर्न देत गेला आणि फळाचं नाव सळयांबरोबर गेलं. आता दादा, मे महिन्यात आपल्याकडच्या माणसाला कोणी नुसतं 'रस' म्हटलं, तर तो 'कशाचा?' म्हणून विचारील का? आणि रंगाचंच म्हणाल, तर हापूस काय फिका आहे? मी पेटीच आणली.

रस काढणं सोपं असतं, असं मला इतकी वर्षं पानावर बसून वाटत होतं. निम्मा रस भिंतींनी घेतला. उरलेल्यात दूध, साखर, वर तूप. वाटी संपली, मग पातेलं संपलं. सौ. घरी असती तर दुसऱ्या वाटीलाच "पुरे" म्हणाली असती. या शब्दाचा मला जन्मभर राग. आणि त्या दुपारी पातेलं पुढ्यात घेऊन मी तो कानावर पडायची वाट बघत होतो. घर फार गप्प झालंय, दादा. चहा अजून दोघांचाच होतो, आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात.

पुढचं लिहायला संकोच वाटतो. शेजारच्या शशिकलाबाईंनी दार वाजवून विचारलं, "भाऊ, तुमचा नळ चालू राहिलाय का? टाकी रिकामी झाली ना!" (नळ नव्हता. संडासाची साखळी होती.) डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "काका, मी डाळिंब म्हणालो होतो! तेही अर्धा कप!" सध्या गोळ्या आणि भाताची पेज चालू आहे, उतार आहे. डाळिंब मला सोलता येत नाही. दाणे उडतात, एक तर सौ.च्या फोटोच्या काचेवर जाऊन बसला. तो पुसायला उठलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

बाकी मजेत. घरातल्या थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
चारुदत्त

ता. क. यातलं सौ.ला काही सांगू नये. उगाच धावत येईल.

ता. क. आली तर माझी हरकत नाही.

ता. क. तुमच्याकडे आलेलं पत्र सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला लिहिलं. बायकोला 'ये' म्हणून लिहायची या वयात लाज वाटते. अरुंधती, ऐकते आहेस ना? कोणत्या दिवशी निघतेस ते कळवत बसू नकोस. चिपळूणची एसटी दुपारी येते. मी रोजच स्टँडवर जाऊन बघतो.