कापसाले पाय

रा. रा. डोमाजी इवाईबुवा यांस,

नत्थूजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडं सारे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत, इहीणबाईचा खोकला बसला का, हे तुमची लेक अन माही सून काजल रोज विचारते. (फोनवरच विचारलं असतं, पण हिंगणघाटच्या लग्नापासून तुम्ही माहा फोन उचलून नाई राह्यले, म्हणून हे पत्र.)

तुमचा राग मले मान्य आहे. भर मांडवात तुमची सख्खी नात हर्षा तुमच्या समोरून गेली अन बाजूच्या बँडवाल्याच्या पाया पडली. लोक हसले, तुम्ही न जेवता उठले. पण इवाईबुवा, पोरगी मगरूर नाई. काय झालं ते आयका.

मागच्या महिन्यात शाळेत पोरांचे डोळे तपासाले माणसं आली. मी शाळा समितीचा मेंबर (म्हणजे सतरंजी मीच आणायची), म्हणून हजर होतो. रक्षा मॅडम म्हणून एक तरणी पोरगी, तिनं भिंतीवर तक्ता लावला. त्याच्यावर इंग्रजी ई. कोणाचं तोंड उजवीकडं, कोणाचं खाली, कोणी उताणा पडलेला. पोरांनी लांब उभं राहून, एक डोळा झाकून, ईचं तोंड कुठं ते बोटानं दाखवायचं. (एका पोट्ट्यानं दोन्ही डोळे झाकून सारं बरोबर दाखवलं. मागून दोस्त खुसफुसत होता.) मग हर्षा उभी राह्यली. अन उभीच राह्यली.

"बेटा, सगळ्यात मोठा ई दिसतो ना?"

"कुठं, मॅडम?"

"भिंतीवर."

"भिंतीवर तर कोणाचं धोतर वाळून राह्यलं."

पोरं हसली. मॅडम नाई हसल्या. त्यांनी तिले जरा पुढं घेतलं, मग आणखी पुढं. तक्त्याच्या पार जवळ गेल्यावर पोरगी खुश होऊन म्हणे, "आता दिसला!" इवाईबुवा, माह्या अंगावर काटा आला. एका घरात राहून, एका ताटात जेवून, हे लेकरू आपल्यापेक्षा अलग जग पाहत होतं, अन त्यालेच खरं समजत होतं!

मग एकेक उलगडा झाला. वावरात जाता-येता ती अदबीनं "रामराम काका" म्हणे. आम्हाले तिच्या वळणाचं लय कौतुक. ते काका म्हणजे बुजगावणं निघालं. (बुजगावण्याले रोज रामराम अन आजोबाले एकदाही नाई, हे वाचून तुम्हाले बरं नाई वाटणार, पण खरं तेच आहे.) दुसरं म्हणजे, कापूस कधी कधी उडून जाते असं ती वर्गात सांगे. गुरुजींनी तिले कापूस झाडाले धरून राहते ते फळ्यावर चित्र काढून समजावलं. तिले फळाही दिसत नव्हता.

डॉक्टर म्हणे, लांबचं अंधूक दिसते, चष्म्यानं भागन. चष्मा आला तशी मी तिले वावरात घेऊन गेलो. बुजगावण्यापाशी थांबली, खालीवर पाह्यलं, लाजली. "आबा, यानं काऊन नाई सांगितलं मले?" मग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राह्यली. कापूस फुटून वावर पांढरंफेक, अन त्यातून एक बगळा उठला. तिनं माहा हात गच्च धरला.

"आबा! कापसाले पाय आहेत!"

मग म्हणे, चोच पण आहे. अख्खा थवा उठला अन आभाळात गेला. पोरगी मान वर करून पाहत राह्यली, "अजून दिसून राह्यले... अजून दिसून राह्यले," असं हळूच म्हणत. जनम गेला माहा त्या वावरात. पण बगळा म्हणजे काय वस्तू आहे, हे मी त्या दिवशी पाह्यलं.

तर राग सोडा अन एकदा येजा. पोरगी तुमचा चेहरा पाहाले बसली आहे.

तुमचा,
नत्थूजी

ता. क. चष्म्याचा ताप एकच. मी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो ते आता तिले घरून दिसते.

आणखी ता. क. कामाचं लिहायचं राह्यलंच. शाळेत त्या मॅडमनं मलेही तक्त्यासमोर उभं केलं. मोतीबिंदू असन म्हणे. सावंगीच्या दवाखान्यात मोतीबिंदूच निघाला, ऑपरेशनची तारीख भेटली. मले लय भेव लागून राह्यलं. तुम्ही सोबत येजा. घरी मी सांगितलं आहे की ऑपरेशन तुमचं आहे अन मी सोबत चाललो. तेवढं सांभाळून घेजा.