हयात माणसाच्या घरी आलेल्या शोकपत्राबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
अनाहूत जाहिरात प्रतिबंध कक्ष,
रायपूर (छत्तीसगड)

विषय : विमा कंपनीने जाहिरात म्हणून पाठवलेल्या माझ्या मृत्यूच्या पत्राबाबत, तसेच त्यानंतर घरी सुरू झालेला जाहिरातींचा मारा बंद करण्याबाबत.

संदर्भ : माझा पूर्वीचा हिंदी अर्ज व त्यावर आपल्या कक्षाचे उत्तर, "मूल पत्र संलग्न करें."

महोदय,

आपण मूळचे यवतमाळकडचे आहात असे आपल्या शिपायाकडून कळले. हिंदी अर्जाला एका ओळीत वाटेला लावण्यात आले, म्हणून हा अर्ज मराठीत व सविस्तर करीत आहे. मूळ पत्र का जोडता येत नाही, हे मराठी माणसाला तरी समजावे.

१. मी रेल्वेतून कार्यालय अधीक्षक पदावरून निवृत्त झालो असून तात्यापाऱ्यात पत्नी सौ. शारदा हिच्यासह राहतो. कर्ज, प्लॉट व गुडघ्याचे तेल विकणाऱ्यांच्या फोनांना कंटाळून मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आहे. दारात पडणारी पत्रके मी न वाचता फाडतो. पत्नीला मात्र आलेला प्रत्येक कागद वाचायची खोड आहे. मी अनेकदा बजावले, चारचौघांत तिची अक्कलही काढली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

२. मागील महिन्यात मी पेन्शनरांच्या अधिवेशनासाठी गोंदियाला गेलो असता डाकवाटप करणाऱ्या रीना दीदींनी घरी एक कार्ड दिले. त्यावर 'श्री' नव्हते, एक कोपरा कापलेला होता आणि ठळक छापले होते, "अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि यशवंतराव जी नहीं रहे।" मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होते की असे पत्र खरोखर येण्यापूर्वी विमा काढा. शेजारच्या शामरावांना त्यांच्याच नावाचे असे कार्ड आले, त्यांनी ते दोन्हीकडून वाचले, म्हणून हा मजकूर कळला.

परंतु आपल्यात असले पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. दारातच उभ्याने वाचायचे, तिथेच फाडायचे आणि आंघोळीला जायचे. पत्नीने पहिली ओळ वाचली आणि कार्ड फाडून नालीत टाकले. मागची बाजू तिने पाहिलीच नाही. शामरावांनीही हसून झाल्यावर आपले कार्ड फाडले, कारण ते घरात ठेवण्याची कोणाची छाती? आपल्या कक्षाला मूळ पत्र हवेच असल्यास नाली उपसण्याचा आदेश काढावा.

३. मुलगा निरंजन भिलाईहून आला. माझा फोन कपाटात बंद. तो एका गाडीने मला शोधायला गोंदियाला गेला आणि मी दुसऱ्या गाडीने परत निघालो. जाण्यापूर्वी त्याने मोबाइलवरच्या सर्व गटांवर माझा फोटो टाकला. तो सूनबाईंनी निवडला होता. त्यात मी हसत असल्यामुळे अनेकांनी मला ओळखले नाही.

४. मी घरी पोहोचलो तेव्हा बैठकीत माझ्या फोटोला हार होता. सुतकात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्या गंधालीताईंनी पिठले-भात आणला होता व पत्नी जेवत होती. कपाळ पुसलेले होते. मला पाहून ती किंचाळली नाही, रडली नाही. हातातला घास तसाच धरून म्हणाली, "तुमी काहून आले?" मग ताट सारून माझ्यासाठी चहा करायला उठली. चहात साखर कमी होती व तसे मी तिला सांगितले.

'का आलात' असे ती धक्क्याने बोलली असावी, असे मी धरून चाललो होतो. पण गंधालीताईंच्या जिभेला हाड नाही. त्यांनी पाऱ्यात, म्हणजे मोहल्लाभर, सांगितले की काकू या दोन रात्री घोरत झोपल्या, आणि जेवताना म्हणाल्या, "असा गरम भात मी माहेरी जेवली होती बाई, त्याच्यानंतर आज जेवून राहिली." आमच्याकडे माझे जेवण झाल्यावर ती बसते. ही पद्धत आहे, जुलूम नव्हे. तरीही हे ऐकून मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. याला सर्वस्वी विमा कंपनी जबाबदार आहे.

५. तेव्हापासून सगळे टपाल 'श्रीमती शारदा उमाळकर' या नावाने येते. अस्थिविसर्जनाची सहल, जेवणासह. तेरवीचे केटरिंग. माझे नाव कोरलेला संगमरवराचा नमुना, आवडल्यास ठेवा. सदर बाजारातील एका सराफाने कळवले की जुने मंगळसूत्र आणा, नवीन चेन न्या. एकट्या महिलांच्या काशी-यात्रेचे रंगीत पत्रक पत्नीने उशीखाली ठेवले आहे. माझ्या नावाचे टपाल मात्र रीना दीदींनी 'मयत' असा शेरा मारून परत पाठवले. जाब विचारला तर म्हणाल्या, "अंकलजी, पूरा पारा बोल रहा था." म्हणजे पारा बोलेल तो मरेल काय?

६. त्याच कंपनीचा चिराग नावाचा एजंट घरी आला. मी समोर उभा असताना त्याने माझा मृत्यूचा दाखला मागितला. मीच यशवंतराव आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लगेच सावरून तो पत्नीकडे वळला आणि विचारले, "आंटी, अंकल के बाद आपका क्या होगा, सोचा है कभी?" मी त्याला हाकलले. पत्नीने त्याला हाकलण्यापूर्वी पाणी दिले, ही बाबही नमूद करतो.

७. सबब विनंती की, सदर कंपनीवर कडक कारवाई करावी, मी हयात असल्याचे टपाल खात्यास कळवावे, आणि माझ्या पत्नीच्या नावाने येणारी जाहिरातीची सर्व पत्रे तात्काळ बंद करावीत.

८. पत्रे पत्नीच्या नावाची असल्याने तिचीही सही लागेल, असे आपल्या लिपिकाने सांगितले. त्यानुसार हा अर्ज तिला दिला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "हव, सगळं खरं लिहिलं तुमी. पण मी सही नाही करत. येऊ द्या पत्रं." मी कारण विचारले. ती म्हणाली, "तो पोट्टा निदान विचारून तं गेला, तुमच्या मागं माझं काय होईल म्हणून. तुमी विचारलं का कधी?"

मी विचारलेले नाही. काल जेवताना विचारणार होतो, पण ती खरे उत्तर देईल अशी भीती वाटली. अर्ज माझ्या एकट्याच्या सहीने सादर करीत आहे.

आपला नम्र व अद्याप हयात,
(सही)
यशवंतराव गोविंद उमाळकर
तात्यापारा, रायपूर
दि. १२ डिसेंबर २०२४

सहअर्जदार : सौ. शारदा यशवंतराव उमाळकर (सही नाही)

सोबत : चालू वर्षाचा हयातीचा दाखला, एक प्रत