राजकन्येची करंगळी

प्रिय ताई,

(तीर्थस्वरूप लिहिलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणतेस, म्हणून नुसतं प्रिय.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमची गळकी टाकी, सगळ्यांची चौकशी केली असं समज. इकडे आम्ही ठीक. बाबा तर इतके ठीक आहेत की त्यांना घरात ठेवणं मुश्कील झालंय.

आधी तुझे आभार. शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना बाबा "नदीकाठचा किल्ला मी बांधलाय" असं सांगत सुटले, तेव्हा डॉक्टरांची सोमवारची वेळ तूच घेतलीस, आणि त्याआधी एकदा किल्ला दाखवून आण म्हणजे डोक्यातून जाईल, हेही तूच सुचवलंस. मलाही वाटलं, बाबा आता हळूहळू आपल्यातून चालले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून थोडी रडलेही (मला बस लागली असं समजून बाबांनी लिंबू पुढे केलं).

किल्ला म्हणजे तीन भिंती, दीड बुरूज आणि बाकी सगळी नदी. पोचल्या पोचल्या बाबांनी पिशवीतून गवंड्यांचा, दोरीला वजन लटकवलेला ओळंबा काढला आणि नदीकडच्या भिंतीला लावला. त्यांना आवरायला धावले तर माझी चप्पल चिखलात रुतली. ती उपसेपर्यंत बाबा एका गाइडच्या घोळक्यात शिरलेले. गाइड भिंतीतला लहानशा हाताचा ठसा दाखवून सांगत होता, की हा इथल्या राजकन्येचा, आणि बालपणापासून तलवार चालवल्यामुळे तिची करंगळी अशी बाहेर वाकलेली. लोकांनी भक्तिभावाने हात जोडले. (एका हातात चप्पल असताना मीही.)

बाबा शांतपणे म्हणाले, "ही आमची थोरली. करंगळी दारात सापडली होती."

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाकून पाहिलं. ताई, ती तुझीच करंगळी. मग बाबांनी सगळं सांगितलं. पुरात ती बाजू कोसळली तेव्हा डागडुजीवर ते गवंडी होते. आई आजारी, म्हणून तीन वर्षांची तू दिवसभर त्यांच्यासोबत. आणि तुझं रडं थांबेना, म्हणून त्यांनी तुझा हात ओल्या चुन्यात दाबला. किल्ला बांधला म्हणजे एवढाच तुकडा, पण तो अजून उभा आहे. मी तिथेच त्यांची माफी मागितली.

"अगं, माझाच विश्वास उडत चालला होता," ते म्हणाले. "म्हटलं, भिंत माझी असेल तर ओळंब्यात सरळ असेल. म्हणून तर आणला."

डॉक्टरांची वेळ मी रद्द केलीय. तू आम्हाला तिथे धाडलं नसतंस तर खरं बोलणाऱ्या माणसाला आपण गोळ्या चारत बसलो असतो. हे तुझं देणं मी जन्मभर विसरणार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. गाइड गयावया करत बसथांब्यापर्यंत आला. बाबांनी त्याला राजकन्या ठेवू दिली, तलवार मात्र काढायला लावली.

आणखी ता. क. आभार खरेच, पण पत्राचं कारण वेगळं आहे. तू ये. बाबांना तुझा आत्ताचा हात त्या ठशाशेजारी धरून बघायचाय. रोज विचारतात, आणि मी रोज तुझे गुडघे पुढे करते.

शेवटचं. माझा हात कुठेच नाही म्हणून परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले होते (वय वर्षं चव्वेचाळीस). काल बाबांनी मागच्या दाराची फुटकी पायरी चुन्याने लिंपली आणि मला हाक मारली. येशील तेव्हा मागच्या दाराने ये, आणि ती पायरी ओलांडून ये.