पडीक शेतातल्या चार वाफ्यांबाबत

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
कृषी अनुदान कार्यालय.

विषय : पडीक जमिनीचे रोखलेले अनुदान मोकळे करण्यासाठी लहान मुलांचा जबाब मागू नये, याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची दोन पत्रे.

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझी व माझ्या धाकट्या भावाची जमीन सामाईक आहे. जमिनीला विसावा मिळावा म्हणून एक हंगाम ती पडीक ठेवणाऱ्यास आपण अनुदान देता. त्या भरवशावर भावाने यंदा काहीही पेरले नाही. त्याच्या घरी यंदा दुसरी मिळकत नाही.

वस्तीतली मुले दुपारी माझ्याकडे शिकायला येतात. दाण्याचे रोप कसे होते, हे फळ्यावर काढून कळत नाही. म्हणून विहिरीजवळच्या कोपऱ्यात खाटेएवढे चार वाफे करून आम्ही मूठमूठ गहू टाकला. तेवढ्याने नियम मोडतो हे माझ्या ध्यानात आले नाही.

आपले तपासनीस आले तेव्हा मुले पाणी घालत होती. त्यांनी विचारले, "हे गवतच ना रे?" शिंप्याची धाकटी म्हणाली, "नाही काका, गहू आहे. आम्ही पेरलाय. ओंबी दाखवू का?" तपासनिसांनी ओंबी पाहिली, तिची पाठ थोपटली आणि संपूर्ण शेत पिकाखाली असल्याची नोंद केली. आपल्या पहिल्या पत्राने अनुदान थांबले.

त्यानंतर आपले दुसरे पत्र आले. संपूर्ण क्षेत्रातला गहू कोठे विकला, याचा खुलासा त्यात मागितला आहे. महोदय, निम्मा चिमण्यांनी खाल्ला. उरलेला मुलांनी वाटून घेतला. प्रत्येकाच्या वाट्याला ओंजळही आली नाही. विक्रीची पावती कोठून आणू?

मी कार्यालयात गेले असता आपल्या लिपिकांनी आपुलकीनेच वाट दाखवली. "बाई, पोरांकडून लिहून आणा, गवत होतं, आम्हाला ओळखता आलं नाही. फाइल लगेच पुढे सरकवतो." त्यांनी जबाबाचा कोरा कागदही हाती दिला. भाऊ म्हणतो, "ताई, सही करायला पोरांना काय कष्ट पडतात? तुझ्या खरेपणावर आमची चूल पेटत नाही." त्याचे चुकते असे मला म्हणवत नाही.

परंतु त्या मुलीला गहू आणि गवत यांतला फरक मी शिकवला आहे. तो तिला नीट कळला आहे. आता 'मला कळला नाही' असे तिच्याच हाताने मी कसे लिहून घेऊ? पुढे ती कोणत्याही साहेबासमोर तोंड उघडणार नाही.

तरी विनंती, की आपण स्वतः येऊन वाफे मोजावेत व तेवढ्यापुरती कपात करावी. ते नियमात बसत नसल्यास माझ्या हिश्श्याचे सर्व अनुदान रद्द करावे, मात्र भावाचे त्याला द्यावे. वाफे माझे होते, त्याचे नव्हते.

यांपैकी काहीच शक्य नसले, तरी मुलांचा जबाब मिळणार नाही. हे मी भावाला अजून सांगितलेले नाही. आपले उत्तर आले, की सांगेन.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त शिक्षिका, निम्म्या जमिनीची वाटेकरी
दिनांक : पत्र टपालात टाकले तो

सोबत :
१. आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.
२. जबाबाचा कागद, कोराच परत.